‘बस’च्या पुढचा शब्द

गोपाळकाका कुणालाही नुसतं ‘बस’ म्हणत नसत. तेर रूजच्या नव्या घरात आम्ही राहायला आलो, त्याच संध्याकाळी मी शेजारी ओळख करून घ्यायला गेले. काकांनी व्हरांड्यातली खुर्ची पुढे ओढली, ‘बस’ म्हणाले आणि मी बसले. मग उजव्या हाताचा तळवा माझ्या चेहऱ्यासमोर सरळ धरून म्हणाले, ‘रव.’ आणि आत निघून गेले. मी अवघडून बसून राहिले. शेजारी एक तांबूस कुत्राही तसाच ताठ बसला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, “आयो! ती काय लिस्यें आहे, तिला रव म्हणून आलात ते?”

लिस्यें म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत कुत्रा. आणि रव म्हणजे थांब, राहा. मी भारतात जाऊन मराठी शिकवण्याचं शिक्षण घेऊन आले होते, शाळेत मुलांना ‘राहा’ शिकवत होते. पण आमच्या आज्यापणज्यांनी कोकणातून जहाजात घालून आणलेला शब्द ‘रव’ होता आणि तोच घराघरांत टिकला होता. काका पोलीस खात्यात कुत्री शिकवत असत. नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, वाळके, बोलणं थोडकं. शर्टाच्या खिशाला खारवलेल्या माशांचा कायमचा वास, कारण त्यात कुत्र्यासाठी तुकडे असत. त्या खिशामुळे देवळात कुणी त्यांच्या शेजारी बसत नसे. काकांना त्याचं काही वाटत नसे. “देवाला चालतो,” म्हणायचे. “पुजाऱ्याला चालत नाही.”

त्यांच्या बायकोचं नाव पार्वती. पार्वतीकाकी बुटक्या, गोल, सतत काहीतरी निवडत किंवा सोलत असलेल्या. कुत्रा त्यांचा. नाव बिजू. काकांनी सरकारी कुत्र्यांना शिकवलं, पण बिजूला काकींनी शिकवलं आणि तेही आपल्या पद्धतीनं. त्यांचा एकच शब्द होता, ‘बस’. बस म्हटलं की बसायचं आणि ‘झालं’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. बाई समोर असो, स्वयंपाकघरात असो नाहीतर दुकानात गेलेली असो. काकांना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यावरून त्या घरात रोज भांडण व्हायचं. बहुतेक दुपारच्या चहाला.

“बस हे मी समोर असताना,” काका म्हणायचे. “रव हे मी जाताना. त्याला कळायला नको, माणूस चाललाय म्हणून? आणि एकदा रव म्हटलं की आपण परत त्याच्यापाशी यायचं. हात लावून सोडायचं. लांबून हाक मारलीस की तो शब्द खोटा पडला.”

“बसलेला काय उडून जातो?” काकी म्हणायच्या. “दोन शब्द दिले की पहिला अर्धाच राहतो. उद्या नुसतं बस म्हटलं, तर तो म्हणेल, रव कुठं म्हणालीस? मी आपला उठलो.”

“म्हणेल? बोलायला पण शिकवलंस?”

“तुमच्यापेक्षा जास्त बोलतो.”

मला दोघांचंही पटायचं. बिजूलाही पटत असावं, कारण तो काकांसाठी दोन शब्द शिकला होता आणि काकींसाठी एक, आणि कधी चुकत नसे. रविवारी काका त्याला पांपलमूसच्या बागेबाहेरच्या मोकळ्या मैदानावर घेऊन जायचे. कधी कधी मीही गेले. काका त्याला बसवायचे, तळवा दाखवून रव म्हणायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचे. झाडांच्या मागे दिसेनासे व्हायचे. बिजूची नजर त्या झाडांवर खिळलेली. मग काका परत यायचे, थेट त्याच्यापर्यंत, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. तो हात ठेवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुत्रा नव्हे, तेच सुटले. मी एकदा म्हटलं, “काका, लांबूनच बोलवा की, येईल तो.” “येईल,” म्हणाले. “तेच नको आहे.”

दूधवाल्याची गोष्ट मात्र काका प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पलीकडच्या घरात भोजपुरी बोलणारी एक आजी राहायची. दूधवाला सायकल लावून तिच्या भांड्यात दूध ओतू लागला की ती म्हणायची, “बस, बस!” भोजपुरीत बस म्हणजे पुरे. एकदा बिजू त्या वेळी रस्त्यावर होता. ऐकलं आणि बसला. दूधवाला गेला, आजी आत गेली, पाऊस भुरभुरायला लागला आणि बिजू रस्त्याच्या कडेला भिजत बसून राहिला. काका त्याला शोधत गेले, उठवून आणला आणि टॉवेलनं पुसता पुसता बायकोला म्हणाले, “घे. तुझा शब्द रस्त्यावर कुणाच्याही तोंडात सापडतो.”

काकी हसल्या नाहीत. “तो चुकला नाही,” म्हणाल्या. “त्याला उठवायला कुणी गेलं नाही, एवढंच.”

या भांडणाच्या मुळाशी काय आहे ते मला काकींनीच सांगितलं. आम्ही दोघी ब्रेद, म्हणजे पालेभाजी, निवडत बसलो होतो आणि काका बाहेर गेले होते. नोकरीत असताना काकांकडे सुलतान नावाचा कुत्रा होता. एकदा सूयाकच्या किनाऱ्यावर एक कोळी बेपत्ता झाला, म्हणून त्यांना तिकडे पाठवलं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, ती त्या किनाऱ्याला तुटते आणि समुद्र सरळ कड्यावर येऊन आपटतो. काकांनी सुलतानला वरच्या खडकावर बसवलं आणि स्वतः खाली उतरले. त्या काळी तेही एकच शब्द वापरायचे. बस म्हणजे बस. ते कपारीत उतरून दिसेनासे झाले, तसा सुलतान उठला आणि त्यांच्या मागे निघाला. काकांनी त्याला पाहिलंच नाही. फक्त लाट आल्याचं ऐकलं. वर आले तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. कोळी दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आला, कुठल्याशा नातेवाइकाकडे जाऊन राहिला होता. सुलतान सापडला नाही.

“तेव्हापासून दोन शब्द,” काकी म्हणाल्या. “त्यांना वाटतं, मी रव म्हणालो असतो तर तो राहिला असता. मला नाही तसं वाटत. माणूस दिसेनासा झाला म्हणून उठला तो. दहा शब्द सांगून गेले असते तरी उठला असता.”

“मग तुम्ही त्यांना हे सांगत का नाही?”

काकींनी एक देठ मोडला. “मी भांडते ना रोज. भांडले की ते बोलतात. त्याचं नाव घेत नाहीत, पण त्याच्याबद्दलच बोलतात. नाहीतर ते गप्प बसतात, सरू, आणि ते गप्प बसले की मला घरात समुद्र ऐकू येतो.”

त्यांची मुलगी शीला परिचारिका व्हायला इंग्लंडला गेली. आमच्याकडच्या किती घरांतून तेव्हा कुणी ना कुणी गेलं. तिच्यामागे दोघंच उरली, आणि बिजू, आणि दुपारचं भांडण. ऐंशी साल उलटल्यावर एका पावसाळी महिन्यात काकींच्या पोटात दुखू लागलं. आधी त्यांनी अंगावर काढलं. मग एका सकाळी काका त्यांना इस्पितळात घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी एकटे परत आले. मी बिजूला आमच्याकडे ठेवलं होतं. काकांनी फाटकातूनच हात केला, बिजू धावत गेला, त्यांना हुंगून पुढे त्यांच्या मागच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी ते पहिल्यांदा पाहिलं. दुपारची वेळ होती. काका व्हरांड्याच्या पायरीवर होते, मी त्यांना जेवण घेऊन गेले होते. अंगणात बिजू पाण्याच्या भांड्याकडे चालला होता. वाटेच्या मधोमध तो एकदम थांबला आणि बसला. सावकाश, थकून बसावं तसा नाही; पुढचे पाय जुळवून, कान टवकारून, सांगितल्यासारखा. मान वर केलेली. बुटक्या बाईच्या चेहऱ्याकडे बघायला जेवढी लागेल तेवढीच वर. कुणी काही बोललं नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. भांडं त्याच्यापासून दोन हातांवर होतं आणि तहानेनं त्याची जीभ बाहेर लोंबत होती.

“बिजू, चल,” मी म्हटलं. तो हलला नाही. काका पुटपुटले, “मी सगळं करून बघितलं.” त्यांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “झालं,” म्हणाले. बिजूनं नजरसुद्धा फिरवली नाही. आम्ही दोघं उभे राहिलो. जेवण गार झालं. मग बऱ्याच वेळानं बिजू आपण होऊन उठला, अंग झाडलं, शेपूट हलवली आणि जाऊन लपालपा पाणी प्यायला. सोडल्यावर कुत्री उठतात, तसा.

काका पोलिसातले. त्यांनी चौकशी सुरू केली. आधी त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. पाय ठणठणीत, कंबर ठणठणीत. मग दूधवाल्याला वेळ बदलायला लावली. पलीकडच्या आजीला हात जोडून सांगितलं की दूध घेताना बस म्हणू नका, दुसरं काही म्हणा. आजी बिचारी “कोरेक, कोरेक”, बरं बरं, म्हणाली आणि तेव्हापासून पुरेसाठी क्रेओलमधलं “आसे” म्हणू लागली. काकांनी रेडिओ बंद ठेवला. एका दुपारी मला फाटकाबाहेर उभं केलं आणि कुणी बोलतंय का, ते ऐकायला सांगितलं. मी ऐकत राहिले. उसाच्या पानांतून वारा जात होता, दुसरं काही नाही. वळून बघितलं तर बिजू वाटेवर बसला होता आणि काका पायरीवर, दोघांचीही तोंडं एकाच दिशेला.

“भूत वगैरे मी मानत नाही,” ते त्या दिवशी म्हणाले. “तू पण मानू नकोस. तू मिस आहेस, मुलं तुझ्याकडून शिकतात.” मग नखांकडे बघत म्हणाले, “तिनं मला काय सांगितलं, ठाऊक आहे? शेवटचं?”

मी नाही म्हटलं.

“इस्पितळात गाडीवर घालून आत नेत होते तिला. मी बरोबर जायला निघालो. बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, ‘बसा इथं.’ मी बसलो. दार लागलं. मग डॉक्टर येऊन काय ते सांगून गेला. मला ऐकू आलं, कळलं सगळं. तरी मी बसूनच राहिलो. बाकावरून उठायला दोन माणसं लागली.”

“काका...”

“इतकी वर्षं भांडली माझ्याशी. एकदा रव म्हणायला काय झालं होतं तिला? रव म्हणाली असती तर परत यायला लागलं असतं. म्हणूनच नाही म्हणाली का? तिला ठाऊक होतं का, सरू?” त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट अगदी बारीक झाला होता. “आणि तिच्या पद्धतीनं बघितलं, तर मला बस म्हणून गेलीय. झालं कोण म्हणणार आहे?”

मी भाषा शिकवत होते, एका शब्दाचे अनेक अर्थ फळ्यावर लिहून दाखवत होते, पण त्या बाईनं बाकाकडे बोट दाखवताना मनात काय धरलं होतं, ते कुठून सांगणार? कदाचित तिला फक्त वाटलं असेल, यांचे पाय दुखत असतील.

त्यानंतर काका बाहेर पडेनासे झाले. पांपलमूसला जाणं थांबलं, देऊळ थांबलं. बिजू वाटेवर बसला की तेही पायरीवर बसायचे. बिजू उठायचा, ते उठायचे नाहीत. मी हाक मारायची, माझा नवरा हात धरून त्यांना घरात न्यायचा. खिशातला माशांचा वास हळूहळू गेला. शर्ट सैल झाले. लोक म्हणू लागले, पार्वती त्यांना बोलावतेय. मला तसं कधी वाटलं नाही. बोलावत असती तर ते गेले असते. मला वाटायचं, ती त्यांना थांबवतेय, आणि तिला स्वतःला ते ठाऊक नाही. अशा विचारांची मला भीती वाटायची. अंगणातली ती वाट मी टाळू लागले, कुंपणाच्या कडेकडेनं जाऊ लागले.

शेवटी मी पोस्टातून शीलाला फोन केला. ती डिसेंबरात आली. अंगावर इंग्लंडची फिकट कांती, बोलणं सगळं क्रेओल आणि इंग्रजी, मराठी गंजलेली. तिनं दोन दिवसांत घर घासून काढलं, वडिलांना डॉक्टरकडे नेलं आणि सांगितलं की तुम्ही माझ्याबरोबर येताय. काका म्हणाले, “मला जाता येणार नाही.”

“पण का, बाबा?”

“येणार नाही.”

ती चिडली, रडली, माझ्याकडे येऊन बसली. “मी तिकडे आजाऱ्यांना सांभाळते दिवसभर,” म्हणाली, “आणि माझा बाप इथं पायरीवर बसून वाळतोय. त्याला काय झालंय, सांगा ना.” मग मी सांगितलं. इस्पितळातला बाक, काकींचं बोट, ‘बसा इथं’. बिजूबद्दल सांगितलं. शीलानं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “आई मला पण तसंच करायची. लहानपणी. अभ्यासाला बस म्हणायची, आणि ती झालं म्हणेपर्यंत पाटावरून हलायची सोय नव्हती.” तिनं डोळे पुसले आणि उठून गेली. मी तिच्या मागे कुंपणापर्यंत गेले.

दुपार होती. बिजू वाटेवर बसलेला, काका पायरीवर. शीला सरळ चालत गेली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. तीही आईसारखीच बुटकी. मग ती म्हणाली, “झालं, बाबा.”

अगदी काकींचा आवाज; त्या गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. बिजू लगेच उठला. अंग झाडलं, शेपूट हलवत तिच्या पायांत घोटाळू लागला. काका त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांपलमूसच्या मैदानावर व्हायचा तसा झाला. “म्हणालीस?” त्यांनी विचारलं.

“म्हणाले, बाबा. झालं. उठा आता.”

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि ते उठले. कुणी हात दिला नाही. सरळ आत गेले, आणि थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. काकी गेल्यापासून पहिल्यांदा.

जाण्याच्या दिवशी त्यांनी बिजूचा पट्टा माझ्या हातात दिला. गाडी फाटकाशी उभी होती. शीला सामान ठेवत होती. काका बिजूसमोर उभे राहिले. त्यांचा उजवा हात सवयीनं थोडासा उचलला गेला, तळवा अर्धा उघडला आणि तसाच पुन्हा मिटला. रव म्हणायचं तर परत यायला हवं, आणि ते परत येणार नव्हते. नुसतं बस म्हणण्याची त्यांची रीत नव्हती. आणि तो शब्द काय करतो, ते त्यांनी भोगलं होतं.

“काय सांगू त्याला?” मी विचारलं. “तुम्ही गेल्यावर?”

“काही सांगू नकोस,” काका म्हणाले. “सांगितलं की वाट बघत राहतात.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बिजू थोडा वेळ रस्त्यात उभा राहिला, मग माझ्या मागोमाग आमच्या घरात आला आणि पाणी प्यायला. अंगणातल्या वाटेवर तो पुन्हा कधीही तसा बसला नाही.

काका इंग्लंडमध्ये दुसऱ्या हिवाळ्यात गेले. शीलाचा फोन शाळेत आला. झोपेत गेले, म्हणाली, त्रास झाला नाही. मी वर्ग संपवला, घरी आले, आणि त्यांच्या बंद घराच्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला गेले. ते काम मी रोज करत असे, त्या दिवशीही केलं. तांब्या रिकामा झाला. मी पायरीवर टेकले, जरा दम घ्यायला.

उसापलीकडे सूर्य गेला. घरातून नवऱ्यानं हाक मारली, पुन्हा मारली. मला ऐकू येत होतं. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. तरी अंधार दाटेपर्यंत मला तिथून उठता आलं नाही.